शब्दांची पुडी

आमच्या छावणीत दर गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो. अशाच एका गुरुवारी भाजीची पिशवी घेऊन मी घरी परतलो, तो माझी एक जुनी विद्यार्थिनी दाराशी उभी! ती शहरातील एका शिशुगृहात काम करते. ती म्हणाली, "सर, इटलीहून एक दांपत्य आले आहे. आमच्याकडील अडीच वर्षांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली आहे. दुभाषी म्हणून याल का?" मी तसाच निघालो.

परदेशी पालकांच्या हाती मूल सोपविण्यापूर्वी कसून चौकशी होते. मुलांची कोणी पळवापळवी वा खरेदी-विक्री करू नये, म्हणून १९९३ साली हेग येथे राष्ट्रांनी एक करार केला. भारताने तो २००३ साली स्वीकारला. ते सर्व सोपस्कार आता पुरे झाले होते. उरली होती प्रवासाची तयारी.

पाहुण्यांची तयारी पाहून मला कौतुक वाटले. येण्यापूर्वीच दोघांनी विषमज्वर व कावीळ यांच्या प्रतिबंधक लसी टोचून घेतल्या होत्या. त्यांच्या पेटीत तापमापक होता, ताप उतरविण्याचे औषध होते आणि जुलाब लागल्यास पाण्यात विरघळवून द्यावयाच्या जलसंजीवनीच्या पुड्याही होत्या. डॉक्टरांनी मुलीचे लसीकरणाचे कार्ड त्यांना दिले व बजावले, "विमान उतरू लागले, की हिला घोट घोट पाणी पाजा. हवेचा दाब बदलला म्हणजे कान दुखतात. गिळताना ते मोकळे होतात."

तेवढ्यात मुलीला सांभाळणाऱ्या मावशी एक जुनी गोधडी घेऊन आल्या. "बाईंना सांगा, ही एवढ्यात धुऊ नका. हिच्या वासावाचून पोरीला झोप लागत नाही." मी ते सांगितले. त्या बाईंनी गोधडीची घडी करून ती पेटीत सर्वांत वर ठेवली.

मग माझ्या मनात आले, औषध आहे. पण मुलीला दुखते आहे, हे यांना कळणार कसे? मी कागद घेतला आणि मावशींना विचारून तिचे बोबडे शब्द रोमन लिपीत अर्थासह लिहिले : मम्मम्, दुदू, भूर, जोजो. 'बाऊ' म्हणजे दुखापत, असे मी सांगताच त्या बाई आनंदाने म्हणाल्या, "आमची मुले 'बूआ' म्हणतात!" तो शब्द ऐकून मुलीने आपला खरचटलेला गुडघा पुढे केला. आईने त्यावर हळूच फुंकर घातली.

काही दिवसांनी पत्र आले. विमान उतरताना मुलगी कानाला हात लावून 'बाऊ, बाऊ' म्हणाली होती आणि आईने लगेच पाण्याचा पेला तिच्या ओठांशी नेला होता.

मी आयुष्यभर मराठी शिकविली. परंतु चार बोबडे शब्द औषधाच्या पुडीइतकेच मोलाचे असतात, हे मला त्या दिवशी कळले.