भाकरीच्या माहेरी

पहिले पंधरा दिवस डाळ शिजेना. पुण्याहून आणलेला तोच कुकर, तीच तूरडाळ, चिमूटभर हिंग-हळद, नेहमीच्या तीन शिट्ट्या. आणि झाकण उघडलं की दाणे तळाशी अख्खेच्या अख्खे, वर नुसतं पिवळं पाणी. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, असं मनाला सांगत राहिले. मग एका संध्याकाळी लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात नैरोबीची उंची वाचली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७९५ मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. लोखंडी शिड्या चढून, धापा टाकत, वर्षातून एखाद्या वेळी आपण ज्या उंचीवर जातो, तिच्याही वर हे ४४ लाखांचं शहर रोज उठतं, चहा टाकतं, मुलांना शाळेत धाडतं. हवा विरळ, म्हणून पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. डाळीचा काही दोष नव्हता. मी रात्रीच डाळ भिजत घालू लागले आणि शिट्ट्या दुप्पट केल्या. पहिल्यांदा वरण नीट घोटलं गेलं, त्या दिवशी मी पातेल्यापाशी उभ्या उभ्याच वाटीभर प्याले.

डाळीचं कोडं सुटलं तरी घड्याळाचं सुटायचं होतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. इथे गवंडी, सुतार, शिंपी, नळ दुरुस्त करणारा, सगळ्यांना एकच मानाचा शब्द आहे, फुंडी. हातात कसब असलेला माणूस. फुंडी म्हणाला, उद्या सा तातू. मी नुकतेच आकडे पाठ केले होते. तातू म्हणजे तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारहाट उरकून आले आणि दुपारी तीनपासून दाराशी कान लावून बसले. संध्याकाळी फाटकावरच्या अस्कारीने, म्हणजे राखणदाराने, सांगितलं की फुंडी सांगितल्या वेळेला आला होता, बराच वेळ थांबला, मग गेला. सा तातू म्हणजे सकाळचे नऊ.

स्वाहिलीत दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, तो सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य सहाच्या सुमारास वर येतो, त्यानंतर एक तास सरला की सा मोजा, एक वाजला. आपले सात ते त्यांचा एक, आपले दहा ते त्यांचे चार. मनगटावरच्या घड्याळात काटे आपल्यासारखेच असतात, फक्त वाचताना समोरचा आकडा वाचायचा. विषुववृत्त इथून जवळ, त्यामुळे सूर्योदय वर्षभरात जेमतेम अर्धा तास मागेपुढे होतो. म्हणूनच असं मोजणं शक्य होतं. आमच्याकडे पौषातली सकाळ आणि ज्येष्ठातली सकाळ यांत केवढं अंतर. इथे सूर्य शब्दाचा पक्का.

हे कळलं तेव्हा मला आजी आठवली. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण आजीला ते वाचता येत नव्हतं. तिचे तास उन्हावर चालायचे. झुंजुमुंजू झालं, फटफटलं, दिवस कासराभर वर आला, ऊन उंबऱ्याला टेकलं. आमच्या पत्रिका करायला येणारे गुरुजीही जन्माची वेळ सूर्योदयापासूनच मोजत. इतक्या घटका, इतकी पळं. चोवीस मिनिटांची एक घटका, अहोरात्रीत साठ. म्हणजे हे मोजणं मला अनोळखी नव्हतं. मीच ते शाळेच्या घंटेपायी आणि पुढे लोकलच्या वेळापत्रकापायी गावी टाकून आले होते.

एका गोष्टीची मात्र भरपाई इथे होत नाही. तिन्हीसांज. साडेसहाला सूर्य मावळतो आणि सातच्या आत काळोख. दिवेलागणीला जी एक लांबण असते, गाई परतताहेत, चुलीचा धूर कौलांवर रेंगाळतोय, देवापुढे निरांजन लागलंय आणि अजून बाहेर थोडं दिसतंय, ती वेळ इथे नाहीच. भारतातलं घड्याळ अडीच तास पुढे; मी दिवा लावून फोन करते तोवर तिकडे आई अंथरुणावर पडलेली असते. पहिल्या वर्षी हा अडीच तासांचा खड्डा मला सगळ्यात जास्त छळायचा. अजूनही, खरं सांगायचं तर, सातच्या काळोखात खिडकीशी उभं राहिलं की पोटात काहीतरी तुटतं.

भाषा शिकताना तोंडात घोळवायला सोपे असे शब्द आधी आले, कारण ते आपलेच होते. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, पेसा, रंगी, सबुनी, कलामू, हेसाबू, तयारी. लाखाला लाकी, विम्याला बीमा. पेरूला पेरा, हा पोर्तुगिजांनी दोन्ही किनाऱ्यांवर सोडून दिलेला शब्द. कोथिंबिरीला नैरोबीच्या बाजारात दानिया म्हणतात आणि जुडी हातात घेतली की वास एकच. यातले काही शब्द अरबी गलबतांनी दोन्हीकडे नेले, काही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वेच्या मजुरांनी इकडे आणले. १८९६ साली मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात झाली, १८९९ साली ते या दलदलीच्या माळावर पोचले आणि रेल्वेच्या तळाभोवती नैरोबी उभी राहिली. रूळ टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर माणसं आणली होती. सुमारे अडीच हजार त्यात मेली. इथल्या घरांत सणावाराला चपाती लाटतात, चपातीच म्हणतात तिला, जाड आणि पदर सुटलेली. ती खाताना मला त्या माणसांची आठवण येते.

नात्यांच्या शब्दांनी मात्र गोंधळवलं. दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच. कोणी अनोळखी तरुण रस्त्यात मला 'दादा' म्हणून वाट दाखवतो, तेव्हा मराठी कानाला क्षणभर कळत नाही की हाक कोणाला. आणि मग कळतं, तो मला ताई म्हणतोय. बाई आई झाली की तिचं नाव मागे पडतं आणि तिला लेकराच्या नावाने मामा म्हणून ओळखतात. माझ्या लेकीचं नाव लावून आता आमच्या रस्त्यावरचे सगळे मला हाक मारतात. आमच्या गावातही बायका अशाच एकमेकींना हाक मारायच्या, अमक्याची आई, तमक्याची आई. पुण्याच्या सोसायटीत मी दहा वर्षं राहिले, तिथे मी फ्लॅटच्या नंबरावरून ओळखली जायचे.

सगळंच असं जुळत गेलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आम्ही राहतो त्या इमारतीला उंच भिंत आहे, भिंतीवर विजेच्या तारा आहेत, फाटकावर दिवसरात्र अस्कारी आहे. तो मुहिंदींच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या, दाराची राखण करतो आणि स्वतः दोन मटाटू, म्हणजे खासगी मिनिबस, बदलून पत्र्याच्या खोलीत परततो. किबेरासारखी प्रचंड झोपडवस्ती आणि गोल्फचं हिरवं मैदान या शहरात शेजारी शेजारी आहेत. आपल्यातल्या काही घरांत पन्नाशीच्या माणसालाही 'बॉय' म्हणून हाक मारलेली मी ऐकली आहे. ज्या भाषेत अनोळखी बाईलाही ताई म्हणतात, त्या भाषेच्या देशात राहून असं बोलणं मला सहन होत नाही, आणि मी तसं त्या घरांत बोलून दाखवलं आहे. २०१७ साली केनिया सरकारने इथल्या आशियाई मुळाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. हा मान मिळाला, पण जमात म्हणजे नुसती नोंद नव्हे. तिथे नातं निभवावं लागतं.

ते निभावणारी माणसं होऊन गेली आहेत. रविवारी आम्ही कधी कधी सिटी पार्कात जातो. जुनी मोठी झाडं, मुलांच्या हातातलं केळं हिसकावणारी माकडं, आणि एका बाजूला शांत दफनभूमी. तिथे पियो गामा पिंटो यांची कबर आहे. जन्म नैरोबीतला, १९२७चा, आईवडील गोव्याचे. शिक्षणासाठी भारतात गेले, गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत पडले, परत येऊन केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढले, इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध करून ठेवलं. स्वातंत्र्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, घराच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घालून मारलं. गाडीत त्यांची लहान मुलगी होती. त्यांच्या जवळच जोसेफ मुरुंबी विसावले आहेत. वडील गोवेकर, आई मासाई. केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती. मित्राच्या जवळ आपल्याला पुरावं, ही त्यांची इच्छा होती. गोव्यात किंवा महाराष्ट्रात किती मुलांनी ही दोन नावं ऐकली असतील? मी स्वतः चाळिशीपर्यंत ऐकली नव्हती. लेकीला तिथे घेऊन गेले तेव्हा ती मुरुंबींच्या आईविषयीच विचारत राहिली. त्या मराठी बोलायच्या का, कोकणी बोलायच्या का, भाकरी करायच्या का.

भाकरी हा आमच्या घरातला रोजचा विषय होता, कारण ज्वारीचं पीठ संपत आलं होतं.

आमच्या वळणावर एक मामा म्बोगा बसते. म्बोगा म्हणजे भाजी. लाकडी फळ्यांचा ठेला, वर निळा कागद, आणि समोर टोमॅटोचे चार-चारचे ढीग. सुकुमा विकीची, त्या गडद हिरव्या पानांची, जुडी वळून ती इतकी बारीक चिरते की सुरी दिसत नाही. सुकुमा विकी म्हणजे आठवडा ढकलणारी. पगार संपला की हीच भाजी आणि उगाली, मक्याचा घट्ट घाटा. मी पैसे फोनवरून देते, एम-पेसाने. २००७ साली ही सोय इथे सुरू झाली आणि आज ठेल्यावरची मेथीसुद्धा तिच्यावर विकली जाते. पैसे पोचल्याच्या संदेशात तिचं पूर्ण नाव येतं. मला ते पाठ आहे, पण मी ते कधी उच्चारलेलं नाही. मी तिला मामा म्हणते आणि ती मला. आधी घरची खबर, मग मुलांची, मग रात्र कशी गेली; हे सगळं विचारून झाल्याखेरीज भाजीचा भाव सांगायचा नाही. पहिल्या महिन्यात मी घाईने नुसताच भाव विचारायचे. ती उत्तर द्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

तिच्याकडची पानं एकेक करून ओळखीची निघाली. तेरेरे म्हणजे आपला माठ. कुंदे म्हणजे चवळीची कोवळी पानं. मग एक दिवस ठेल्याच्या मागे एका पिशवीत तांबूस काळे बारीक दाणे दिसले आणि मी वाकून मूठ भरून घेतली. नाचणी. ती म्हणाली, विम्बी.

त्या रात्री मी पुस्तकं काढून बसले. नाचणी मूळची इथलीच, इथिओपिया-युगांडाकडच्या पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली. ज्वारी सुदानच्या बाजूची. बाजरी सहाराच्या दक्षिण काठावरची. चवळीही आफ्रिकेची, आणि जिच्यावाचून आमची आमटी होत नाही ती चिंचसुद्धा. माझ्या ताटात आमची म्हणून जे होतं, त्यातलं निम्मं या खंडातून सासरी आलेलं होतं, आणि आपण त्याला इतकं आपलं केलं की माहेर विसरून गेलो. उलट मका अमेरिकेचा, पण स्वाहिलीत त्याचं नाव माहिंदी, हिंदकडचा. कोणीतरी कधीतरी समजलं असेल की एवढं चांगलं धान्य हिंदहून आलं असणार. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बराच वेळ बसून होते. परक्या गावात आलेय, हे जे दोन वर्षं छातीवर घेऊन फिरत होते, ते त्या रात्री जरा हललं.

दुसऱ्या दिवशी विम्बीच्या पिठाची भाकरी थापली. उकळत्या पाण्यात पीठ मळलं, कडा तुटल्या, पण तव्यावर फुगली. अर्धी कागदात गुंडाळून मामाला नेऊन दिली. तिने चावून बघितलं, शेजारच्या केळीवालीला तुकडा दिला, दोघी काहीतरी बोलल्या. मग म्हणाली, आमच्याकडे हिची उजी करतात.

आजी गेली तो फोन जुलैत आला. इथे तेव्हा थंडी, आभाळ दिवसेंदिवस राखाडी. तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं, म्हणून गेले नाही. सकाळी लेकीला बसला सोडायला खाली उतरले तेव्हा अस्कारीने चेहरा बघून विचारलं. माझ्या तोडक्या स्वाहिलीत मी सांगितलं, बिबी, आजी. त्याने टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, पोले. या शब्दाला मराठीत जोड मला सापडलेली नाही. ठेच लागली तरी पोले, दमून आलात तरी पोले, माणूस गेलं तरी पोले. बोलणाऱ्याची चूक नसते, पण दुखलंय ते त्यालाही पोचलंय, एवढंच त्यात असतं.

वळणापर्यंत बातमी माझ्या आधी गेली होती. मामा म्बोगा ठेल्यामागून बाहेर आली, माझे दोन्ही हात धरले. पोले साना, मामा. मग थर्मास उघडून तिने पत्र्याच्या मगात उजी ओतली. तांबूस, दाट, वाफाळलेली. नाकाशी नेली तर आंबूस वास आला, परळात झाकून ठेवलेल्या आंबलीचाच. आजी त्यात ताक घालायची, लसूण ठेचून घालायची. यात साखर होती. मी उभ्या उभ्या सगळी प्याले. लेकीनेही दोन घोट घेतले आणि मग परत मागितली.

ऊन अजून भिंतीच्या पलीकडेच होतं. सा मोजा झाली होती. वळणावर शाळेची बस दिसली.