टेकडीचं जुनं नाव

लेकीच्या नोकरीमुळे यंदा चीनमधल्या चिंगदाओ शहरात महिनाभर राहणं झालं. समुद्रकाठी वसलेलं, जुन्या जर्मन घरांच्या लाल कौलांचं हे शहर. एका रविवारी आम्ही मायलेकी रोपवेने थायपिंग शान टेकडीवर गेलो. थायपिंग म्हणजे महाशांती. वर पोचल्यावर लेक म्हणाली, "आई, जर्मनांच्या काळात हिचं नाव इल्टिस होतं."

इल्टिस हा युरोपातला मुंगसाएवढा एक रानटी प्राणी. पण टेकडीला नाव मिळालं ते त्याच नावाच्या एका बुडालेल्या गनबोटीमुळे.

ही बोट १८७८ साली डान्झिगला बांधली गेली. शिडं आणि वाफेचं इंजिन दोन्ही असलेली, मोजक्या तोफांची. तिची नेमणूक पूर्व आशियात झाली. जर्मन व्यापाऱ्यांना संरक्षण द्यायचं आणि जमेल तिथे आपला झेंडा रोवायचा, हे तिचं काम. १८८५ मध्ये पॅसिफिकमधल्या याप बेटावर तिने जर्मन झेंडा लावला. स्पेनने त्याच बेटावर हक्क सांगितला होता. भांडण इतकं चिघळलं की निवाडा पोप तेरावे लिओ यांच्याकडे गेला. त्यांनी मालकी स्पेनला दिली आणि व्यापाराची मुभा जर्मनीला.

जुलै १८९४ मध्ये मात्र या बोटीच्या हातून वेगळंच काम झालं. चिनी सैनिकांना कोरियाकडे नेणारं 'कौशिंग' हे ब्रिटिश जहाज जपानी क्रूझरने बुडवलं. हजाराच्या वर सैनिक जहाजावर होते, त्यातले बहुतेक गेले. काही जण पोहत जवळच्या बेटांना लागले. तिथे अडकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना इल्टिसने चीनच्या किनाऱ्यावर सुखरूप आणून सोडलं. लढाई त्यांची, बोट परक्यांची.

बरोबर दोन वर्षांनी, २३ जुलै १८९६ च्या रात्री, ती स्वतःच टायफूनमध्ये सापडली. शानतुंग द्वीपकल्पाच्या पूर्व टोकाजवळ खडकावर आपटून तिचे दोन तुकडे झाले. कप्तान ओटो ब्राउन यांच्यासह सत्तरहून अधिक जण गेले. मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी सम्राटाचा जयजयकार केला आणि झेंड्याचं गाणं म्हटलं, ही हकीकत पुढे जर्मनीत घरोघर पोचली. पुढच्या अर्ध्या भागाला धरून राहिलेले थोडेच वाचले. त्यांना आधार दिला तो त्या किनाऱ्यावरच्या चिनी गावकऱ्यांनी आणि दीपगृहातल्या माणसांनी.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८९७ मध्ये, जर्मनीने याच शानतुंगमधला चिआओचौ उपसागर बळकावला आणि चिंगदाओ वसवलं. टेकडीला इल्टिसचं नाव दिलं. १८९८ मध्ये शांघायच्या बंदरकाठी मोडक्या डोलकाठीच्या आकाराचं ब्राँझचं स्मारक उभं राहिलं. त्याच नावाची नवी गनबोटही आली. तिने १९०० मध्ये चीनच्याच ताकू किल्ल्यांवर तोफा डागल्या.

पहिल्या महायुद्धात सगळंच उलटलं. १९१४ मध्ये चिंगदाओ जपान्यांच्या हाती गेलं आणि जर्मनांनी नवी इल्टिस स्वतःच बुडवली. युद्धात जर्मनी हरल्यावर शांघायचं स्मारकही पाडलं गेलं. टेकडीही थायपिंग झाली.

"मग आता इथे त्यांचं काहीच नाही?" मी विचारलं.

"कशाला हवं? दुसऱ्यांची टेकडी होती ती," लेक म्हणाली.

तिचं बरोबर होतं. परक्या भूमीवर नाव कोरणाऱ्यांची बाजू घ्यावी असं मलाही वाटलं नाही. तरी ते दोन जुलै मनातून जाईनात. एकदा जर्मन खलाशांनी चिनी शिपायांना वाचवलं, एकदा चिनी गावकऱ्यांनी जर्मन खलाशांना. सम्राटाचा जयजयकार सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्या रात्री किनाऱ्यावर धावलेल्या गावकऱ्यांच्या नावाने मात्र कुणी टेकडी ओळखली नाही.

तुम्ही कधी चिंगदाओला गेलात तर या टेकडीवर जरूर जा. फोटो काढून झाले की पूर्वेकडे तोंड करून घटकाभर उभे राहा. तो किनारा त्याच बाजूला आहे.