सहाण आणि पेला

दिल्लीच्या हिवाळ्याशी मराठी माणसाची पहिली ओळख बहुधा खोकल्याच्या द्वारे होते. सरकारी नोकरीनिमित्त राजधानीत आलेली आणि करोल बागेत बिऱ्हाड थाटलेली कुटुंबे याला अपवाद नव्हती. 1947 नंतर त्याच गल्ल्यांत पश्चिम पंजाबातील निर्वासित येऊन राहिले आणि भिंतीपलीकडून शेजाराबरोबर पाककृतीही येऊ लागल्या. गरम दुधात फेटलेले अंडे ही त्यांपैकी एक.

पन्नाशीच्या दशकातील अशाच एका सोवळ्याच्या घरात कर्त्या पुरुषाची छाती भरली, तेव्हा पंजाबी शेजारणीचा हा उपाय सुनेने ऐकून घेतला. अंडे घरात आणायचे कसे, हा पहिला प्रश्न. त्यात दोन चमचे ब्रँडी घालायची, हा दुसरा. दोहोंना 'औषध' हे एकच नाव देऊन तिने सज्जात निराळी शेगडी मांडली, निराळे पातेले घेतले.

कृती संयमाची होती. पिवळा बलक साखरेबरोबर फिका होईपर्यंत घोटायचा. पांढरे वेगळे फेटून फेसाळ करायचे. दालचिनी, लवंग, वेलदोडा घालून दूध उकळायचे आणि जरा निववून बलकात थेंबाथेंबाने ओतत ढवळत राहायचे. एकदम ओतले तर अंडे शिजून गाठी होतात. मग ब्रँडी, शेवटी फेस.

जेरी थॉमस या अमेरिकन मद्यपेयकाराने 1862 मध्ये छापलेल्या पुस्तकात 'टॉम अँड जेरी' नावाचे असेच पेय आहे. त्यात अंडी, साखर, रम, दालचिनी व लवंग यांवर उकळते पाणी ओततात आणि वर जायफळ भुरभुरतात. करोल बागेतल्या त्या सुनेला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जायफळ मात्र तिच्याही पेल्यात पडले, आणि ते तिने घातलेले नव्हते.

तीन दिवस सासूबाई सज्जाकडे पाठ करून जप करीत बसल्या होत्या. चौथ्या संध्याकाळी त्यांनी फडताळातून बाळगुटीची सहाण काढली. ज्या मुलाला त्यांनी कधीकाळी याच सहाणेवरची गुटी चाटवली, तोच आत खोकत होता. त्यांनी जायफळाचे चार वेढे उगाळले, उंबऱ्याशी येऊन ती सहाण खाली ठेवली आणि एवढेच म्हणाल्या, "हे घाल. झोप लागेल."

आचारधर्म त्यांनी सोडला नाही. अंड्याला त्यांचा हात अखेरपर्यंत लागला नाही. तथापि नियम आणि माया यांत एका उंबऱ्याचे अंतर असते, आणि ते किती ओलांडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, हे त्या घराला त्या संध्याकाळी कळले. पुढे अंडी स्वयंपाकघरात आली, निराळे पातेले मोडीत गेले. त्या घरी थंडीत हे पेय अजून होते. किसणी हाताशी असली, तरी जायफळ सहाणेवरच उगाळले जाते.