पालीची शेपटी

शंकेची पालच का चुकचुकते, झुरळ का नाही, कोण जाणे. एरवी पालीला आपल्याकडे फारसा मान नाही. अंगावर पडली तर पंचांगात फळ बघायचं, स्वयंपाकघरात दिसली तर केरसुणी शोधायची. "विषारी असते ती" हे आमच्या आईचं ठाम मत. खरं तर आपल्या घरातल्या पालीला विष नसतंच. तिच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून ओटा पुसून घ्यावा, इतकंच. असो.

छताला उलटं चिकटणाऱ्या तिच्या पायांचं कौतुक सगळेच करतात. मला कुतूहल शेपटीचं.

मांजराने पकडलं की पाल शेपटी तोडून टाकते. ती तिथे वळवळत राहते, मांजर बघत बसतं, तेवढ्यात बाईसाहेब पसार. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे जाम आवडतं. काय झकास फेलओव्हर! आणि शेपटी काय, परत येतेच की.

येते, पण तीच नाही. शेपटीत चरबी साठवलेली असते, म्हणजे पाल चक्क स्वतःची शिल्लक टाकून पळते. शिवाय नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते फक्त. मूळ शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटायच्या जागा आधीच तयार असतात, तशा नव्या भागात नसतात. म्हणून पुढच्या वेळी शेपटी तोडायची तर त्याच्याही वर, उरलेल्या मूळ भागात. दर वेळी अंगाच्या थोडं जवळ.

हे वाचलं तेव्हा टीममधला एक मित्र आठवला. डेमोसाठी त्याने मुलीचा पहिला वाढदिवस सोडला होता. "पुढच्या वर्षी करू की दणक्यात," म्हणाला. केलाही. फक्त तो दुसरा होता. त्यानंतर त्याने आणखी काय काय सोडलं, ते मी जवळून पाहिलंय. डेमो मात्र सगळे छान झाले!

आमच्या ट्यूबलाइटमागे सध्या एक पाल राहते. तिची नवी शेपटी आखूड, गुळगुळीत आणि वेगळ्याच रंगाची आहे. जुनी जेमतेम एक पेर उरलीय. परवा आईला दाखवली. तिने केरसुणी काही खाली ठेवली नाही, पण या वेळी आधी खिडकी उघडली.