पुढे दोन, मागे एक

मॉर्गन या ब्रिटिश कंपनीची गाडी घ्यायला कारखान्यातच जायचं, हे मनात पक्कं होतं. इंग्लंडमधल्या मॉल्व्हर्न लिंकला पिकर्सली रोडवर लाल विटांच्या जुन्या शेड आहेत, उतारावर. अर्धवट बांधलेली गाडी एका शेडमधून दुसरीत माणसं हातानं ढकलत नेतात. मी कितीतरी वेळ तेच बघत उभा राहिलो. सुतारकामाच्या शेडमध्ये ॲश लाकडाचा वास भरून राहिला होता. चारचाकींच्या सांगाड्यात ते अजून वापरतात. माझ्या तीनचाकी सुपर थ्रीला मात्र लाकूड नाही. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि फोर्डचं तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन. जरा हळहळ वाटलीच.

एच. एफ. एस. मॉर्गननं १९०९ मध्ये पहिली गाडी केली तीच तीन चाकांची. हलक्या तीनचाकीवर ब्रिटनमध्ये मोटरसायकलचा कर लागे, म्हणून मोटार न परवडणाऱ्यांनाही शेजारी कुणाला तरी बसवून लांब फिरता आलं. मला या गाडीचं खरं मोठेपण यातच वाटतं. आज ती हौशी माणसांची झाली, याची खंत आहे. १९५२ मध्ये तीनचाकी थांबली, २०११ मध्ये परत आली.

आपल्या रिक्षाला पुढे एक आणि मागे दोन चाकं, इथे उलट. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं आणि ते पेलायला तिथे दोन चाकं असतात. मॉल्व्हर्नच्या टेकड्यांतल्या पहिल्याच वळणावर ते अंगाला कळलं. दार नाही, छप्पर नाही, वारा थेट तोंडावर. घरचा रस्ता सोडून मी गाडी वरच्या घाटाला घातली.