आधी ताण, मग कंपन

इंजिनाच्या ब्रॅकेटचं मॉडेल तपासायला येतं, तेव्हा बहुतेकदा बोल्टच्या जागी दोन पृष्ठभाग सरळ चिकटवून टाकलेले असतात. गणित झटकन सुटतं, पण फ्रिक्वेन्सी चढी येते. बोल्ट दोन भागांना सगळीकडे सारखं धरतच नाही. डोक्याखालून खोल जाताना रुंदावणाऱ्या शंकूएवढा भाग तो घट्ट दाबतो. त्याबाहेर दाब झपाट्याने उतरतो आणि फ्लॅन्ज पातळ असेल तर कडेला केसभर फटही पडते.

म्हणून मी आधी बोल्ट ताणतो. ८.८ ग्रेडचा एम-१२ बोल्ट ९० न्यूटन-मीटरला आवळला की त्यात साधारण ३७ किलोन्यूटन ताण बसतो, म्हणजे जवळजवळ पावणेचार टनांचा भार. टॉर्क रेंचवर लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा त्या कामी येतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलंय की नाही, एवढ्यावर ताण बदलतो. त्यामुळे ढिला आणि घट्ट अशा दोन्ही टोकांना मी गणित चालवतो. वेळ लागतो, पण ही पायरी गाळलेली मला चालत नाही.

ताण बसल्यावर पृष्ठभाग कुठे टेकले, कुठे सुटले ते ठरतं. त्या स्थितीभोवती कंपनाचं गणित होतं आणि ते टेकलेलं टेकलेलंच धरतं. बारीक कंपनाला एवढं पुरतं.

चाचणीत मात्र याची मर्यादा डोळ्यांनी दिसते. भाग रबरी दोरीवर टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचं. पडद्यावर उंच, निमुळतं शिखर येतं. जरा जोरात ठोकलं की तेच शिखर डावीकडे सरकतं आणि बसकं होतं. शंकूच्या काठावर पृष्ठभाग मायक्रॉनभर घसरलेले असतात आणि तिथे ऊर्जा जिरते. जोडलेल्या यंत्रातलं बरंचसं डॅम्पिंग पोलादातून येत नाही, या घसरण्यातून येतं. इवान यांनी १९६६ मध्ये स्प्रिंग आणि घर्षण यांच्या जोड्या रचून या वागण्याचं मॉडेल मांडलं, ते आजही उपयोगी पडतं. त्यात भरायचे आकडे मात्र चाचणीतूनच मिळवावे लागतात.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला २०० स्फोट करतं. माझ्या दोन टोकांतलं खालचं टोक त्या २०० हर्ट्झच्या जवळ आलं, तर टॉर्क वाढवा असं मी लिहीत नाही. जाड फ्लॅन्ज किंवा आणखी एक बोल्ट मागतो.