सरळ बसा!

उतारवयात माणसाने काय शिकावे, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. सौ.च्या मते गीतेचा पंधरावा अध्याय. माझ्या मते विमान चालवणे.

वाचकांनी एवढ्यात दचकू नये. हे विमान आमच्या आतल्या खोलीतल्या टेबलावरच उडते. नातवाने संगणकावर फ्लाइटगियर नावाचा, फुकट मिळणारा विमानाचा खेळ बसवून दिला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ही हकीकत मी टपालखात्यात नवा असताना ऐकली होती. आयुष्यभर शिक्के मारले, पण जुहूला आपणही एकदा उतरावे ही हौस काही गेली नाही.

पण उतरणे सोपे नाही. शेवटचे वळण घेताना धावपट्टी समोर नसते, बाजूच्या खिडकीतून दिसते. आणि संगणकाचा पडदा आपला समोरचेच दाखवीत बसतो. नातवाने यावर तोडगा काढला. माझ्या टोपीला त्याने तीन इवले दिवे लावले. त्यांचा प्रकाश अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. पडद्यावर कॅमेरा बसवला. त्याच्या आतली अवरक्त अडवणारी काच काढून टाकली आणि पुढे जुन्या फ्लॉपीतल्या काळ्या चकतीचा तुकडा चिकटवला. हा तुकडा साधा उजेड अडवतो आणि अवरक्त तेवढा आत सोडतो. मग कॅमेऱ्याला तीन ठिपके दिसतात, आणि ओपनट्रॅक नावाचा प्रोग्रॅम त्यांवरून माझी मान कोठे वळली ते ताडतो. खरी मान फार वळवली तर पडदाच दिसेनासा होईल. म्हणून मान १५ अंश वळली की विमानातली मान ९० अंश वळावी, असे प्रमाण आम्ही ठरवले. आरंभी सरळ बसायचे, एक कळ दाबायची आणि यंत्राला सांगायचे, ‘हे माझे समोर.’ एवढेच काम.

दुपारी सारे ठीक चाले. पण संध्याकाळी सातच्या सुमारास विमानातली मान झपाटल्यासारखी घुमू लागे. नातवाने कॅमेऱ्याचे चित्र उघडले, तर ठिपके चार! माझ्या मागे देवघर, आणि देवघरात समई. ज्योतीच्या उजेडात अवरक्त भरपूर असते. कॅमेऱ्याने समईलाही माझ्या टोपीत जमा केले होते.

“आजी, समई जरा वेळ—”

“विमान हलव,” ही म्हणाली.

टेबल दुसऱ्या भिंतीशी गेले. ठिपके तीन झाले.

पण एक खोड उरलीच. सरळ बसून कळ दाबली, की पाच मिनिटांत धावपट्टी उजवीकडे सरके आणि मला डावा पंख दिसू लागे. नातवाने दिव्यांची पट्टी घट्ट केली. टक्कल गुळगुळीत असल्याने टोपी घसरते, असाही एक सिद्धान्त मांडला. टोपीला आतून कापड शिवले. व्यर्थ! मग तीच टोपी घालून तो स्वतः बसला. पाव तास आकडा शून्याच्या आसपास. मी बसलो, की पाच मिनिटांत डावीकडे ८ अंश. विमानात तेच चाळीसच्या वर.

“आबा, यंत्र बरोबर आहे. तुम्ही सरळ बसत नाही.”

चाळीस वर्षे खुर्चीवर काढलेल्या माणसाला हे ऐकावे लागले! मी त्याच्यावर रागावणार, तोच त्याला कुणाचा फोन आला. त्याने इंजिनाचा आवाज बंद केला, आणि आकडा आपोआप शून्यावर आला. आवाज सुरू केला, पुन्हा ८. बंद, शून्य. आम्ही दोघे त्या आकड्याकडे पाहत राहिलो.

ही दारात उभी होती. म्हणाली, “उजवा कान पुढे करताहेत. डाव्याने ऐकू येत नाही त्यांना.”

“काहीतरीच! तूच पुटपुटतेस.”

“सहा वर्षं हेच म्हणताय. म्हणून मी हल्ली काही सांगतच नाही.”

ती हे रागाने म्हणाली असती, तर मी वाद घातला असता. पण भाजीला मीठ कमी आहे म्हणावे, तसे ती म्हणाली आणि आत गेली. मला आठवले: जेवताना ती हल्ली माझ्या उजवीकडे येऊन बसते. बाजारात जाताना बाजू बदलते. शेजारच्या वाड्यातल्या गोष्टी पूर्वी मला तिच्याकडून कळत; अलीकडे कळत नव्हत्या. घरात शांतता झाली आहे, वयाबरोबर होतेच, असे मी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो. डावा कान बराच उतरला होता. आता त्यात एक लहानसे यंत्र असते. आकडा शून्यावर राहतो.

परवा समुद्रावरून उत्तम वळण घेतले. धावपट्टी नाकासमोर, उंची बरोबर, वेग बरोबर. इतक्यात मागून, डाव्या बाजूने, ही हळूच म्हणाली, “चकल्या झाल्यात. गरम आहेत तोवर या.”

स्पष्ट ऐकू आले. मान वळवण्याची काही गरज नव्हती. तरी मी पुरता वळलो, आणि माझे विमान जुहूच्या समुद्रात गेले.